स्वभाव, सभाव आणि निःस्वभावता : एक चिकित्सा

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मराठी भाषेत सर्वत्र रूढ आहे. एखाद्याचा चिडखोरपणा किंवा कंजूषपणा पाहून ती सहज उच्चारली जाते आणि तेथेच विसरलीही जाते. परंतु हीच म्हण एका माणसाला न लावता एखाद्या जनसमूहाला लावली, की तिचे तत्त्वज्ञान बनते. अमुक कुळात जन्मलेल्याचा स्वभाव सेवेचा, तमुक कुळात जन्मलेल्याचा स्वभाव ज्ञानाचा, आणि स्वभावाला तर औषध नाही, असा युक्तिवाद या देशात शतकानुशतके केला गेला. म्हणून ‘स्वभाव’ या संकल्पनेची चिकित्सा हा केवळ पंडितांचा वाग्विलास नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या माथी एक विशिष्ट स्वभाव मारला गेला, त्यांच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा ब्राह्मणी आणि बौद्ध परंपरांतील प्रवास तपासण्याचा आणि त्याच ओघात आपल्या स्वतःच्या विचारसवयींकडेही पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘स्वभाव’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न अर्थ वावरतात. पहिला व्यवहारातील अर्थ, म्हणजे माणसाची प्रकृती किंवा मनोवृत्ती. दुसरा, एखाद्या वस्तूला इतर वस्तूंपासून वेगळे करणारे लक्षण. उदाहरणार्थ, अग्नीची उष्णता. तिसरा अर्थ तत्त्वज्ञानातील आहे. कोणत्याही कारणाने न घडलेले, कोणावरही अवलंबून नसलेले आणि म्हणून कधीही न पालटणारे असे वस्तूचे ‘स्वतःचे असणे’, हा तो अर्थ होय. या तीन अर्थांची सरमिसळ हेच आमच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ आहे. पहिल्या अर्थाने बोलायला सुरुवात करायची आणि निष्कर्ष मात्र तिसऱ्या अर्थाचा काढायचा, ही जुनी युक्ती आहे.

स्वभाववाद आणि पुरुषार्थाचा प्रश्न

स्वभाव हे जगाचे कारण आहे, असे मानणारा एक पक्ष प्राचीन भारतात होता. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगत्कारणाविषयीच्या विविध मतांची यादी येते. तीत काल, नियती, यदृच्छा यांच्या जोडीने स्वभावाचाही उल्लेख आहे. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरित’ काव्याच्या नवव्या सर्गात हे मत सविस्तर मांडले गेले आहे. गृहत्याग केलेल्या सिद्धार्थाला परत नेण्यासाठी आलेला राजाचा अमात्य ते मांडतो. काट्याची तीक्ष्णता आणि पशुपक्ष्यांची विविधता ही कोणी घडवलेली नाही, सर्व काही स्वभावाने घडते, मग प्रयत्नाला अर्थ काय, असा त्याचा सूर आहे. स्वभाववादाचा आधार येथे घेतला जातो तो माणसाला शोधापासून परावृत्त करून जुन्या घरी परत नेण्यासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बोधिसत्त्व अर्थातच परत फिरले नाहीत.

या स्वभाववादाची एक बाजू न्यायाने नोंदवली पाहिजे. जगाला ईश्वराच्या कर्तृत्वाची गरज नाही, हे त्याने सांगितले. लोकायत परंपरेशी त्याचा संबंध उत्तरकालीन ग्रंथांत जोडला जातो तो याच कारणाने. तथापि ईश्वराला बाजूला सारून त्याच्या जागी स्वभावाला बसवल्याने माणूस मोकळा होत नाही. त्याचा फक्त मालक बदलतो. मक्खली गोसालाच्या मताचे जे वर्णन दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात येते, त्यात प्राण्यांच्या मलिनतेला वा विशुद्धीला कोणताही हेतू नाही, पुरुषपराक्रम म्हणून काही नाही, सर्व काही नियती आणि भाव यांनी ठरलेले आहे, असे प्रतिपादन आहे. अंगुत्तरनिकायात तथागतांनी या मताची तुलना केसांनी विणलेल्या घोंगडीशी केली आहे. थंडीत ती थंड, उन्हाळ्यात गरम, दिसायला कुरूप आणि वासालाही वाईट. सर्व वस्त्रांत ती निकृष्ट, तसे सर्व श्रमणमतांत हे मत निकृष्ट.

तथागतांचा निकष कोणता, हे त्याच निकायातील तित्थसुत्तात स्पष्ट होते. माणसाला जे काही सुखदुःख भोगावे लागते ते पूर्वकृत कर्माने, किंवा ईश्वराच्या निर्मितीने, किंवा विनाकारणच, अशी तीन मते तेथे तपासली जातात. तिन्ही मते वरवर परस्परविरोधी दिसतात. परंतु तिन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे अक्रियेत. ‘हे करावे, हे करू नये’ या विवेकाला तेथे जागाच उरत नाही. कोणत्याही सिद्धान्ताची परीक्षा तो माणसाच्या प्रयत्नाला आधार देतो की प्रयत्नाचा पायाच काढून घेतो, या कसोटीवर करावी, असा हा निकष आहे. पुढील सर्व विवेचनात आम्ही हाच निकष वापरणार आहोत.

वर्णव्यवस्थेच्या सेवेतील स्वभाव

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असे सांगितले आहे की, मालकाने मुक्त केले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही. कारण दास्य हे त्याच्या ठिकाणी निसर्गज आहे. कायदा आणि तत्त्वज्ञान यांची ही भयानक युती आहे. मालकाची इच्छा असली तरी गुलामाला स्वातंत्र्य नाही! रोमन समाजातील गुलामाला मालक मुक्त करू शकत असे. येथे मात्र मालकापेक्षाही बलवान असा ‘निसर्ग’ उभा केला गेला.

भगवद्गीतेची भाषा अधिक सौम्य आहे. म्हणूनच तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कर्मे स्वभावातून उद्भवलेल्या गुणांनुसार विभागली आहेत, असे प्रतिपादन येते. शम, दम, ज्ञान हे ब्राह्मणाचे. शौर्य, तेज हे क्षत्रियाचे. कृषी, गोरक्षण, वाणिज्य हे वैश्याचे. आणि परिचर्या हे शूद्राचे स्वभावज कर्म होय. यातील ‘स्वभाव’ म्हणजे जन्म नव्हे, तर माणसाचा कल, असे समर्थन अनेक आधुनिक भाष्यकारांनी केले आहे. चौथ्या अध्यायातील गुणकर्मविभागाचे वचन त्यासाठी पुढे केले जाते, आणि त्या वचनात जन्माचा शब्द नाही हे खरेच आहे.

या समर्थनाला आमचे उत्तर ग्रंथातूनच आहे. त्याच अठराव्या अध्यायात पुढे सदोष असले तरी सहज कर्म सोडू नये, असा आदेश येतो. ‘सहज’ म्हणजे जन्माबरोबर आलेले. कल हा जर वर्णाचा आधार असेल, तर कल पालटल्यावर कर्म पालटण्यास प्रत्यवाय का असावा? आणि कल कोणी, कोणत्या वयात, कोणत्या परीक्षेने ठरवायचा, याची व्यवस्था ग्रंथात कोठेच का नसावी? शंकराचार्यांनी या ठिकाणी स्वभावाचा एक अर्थ पूर्वजन्मातील संस्कार असा दिला आहे. म्हणजे गुणाचे मूळ कल्पनातीत अशा गतजन्मात नेऊन ठेवले, आणि त्या गतजन्माचा दृश्य पुरावा म्हणून पुन्हा या जन्मीचे कूळच दाखवले. हे वर्तुळ आहे. त्याला प्रमाण म्हणता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवरील आपल्या अपूर्ण राहिलेल्या लेखनात, जे 1987 साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाले, नेमके याच मर्मावर बोट ठेवले. प्रतिक्रांतीच्या ज्या सिद्धान्तांना बौद्ध विचाराने हादरा दिला होता, त्यांना तत्त्वज्ञानाचा टेकू देणे हे गीतेचे कार्य होते. आणि चातुर्वर्ण्याला दिलेला टेकू म्हणजे सांख्यांचा गुणसिद्धान्त, अशी त्यांची मांडणी आहे. वेदवचनाचा आधार डळमळू लागला, तेव्हा स्वभावाचा आधार शोधावा लागला. हे निदान आम्हाला मूलगामी वाटते.

निकायांतील उत्तर

याच विषयावरील एक पाली सुत्त येथे शेजारी ठेवून वाचावे, असे आम्ही सुचवतो. ते मज्झिमनिकायातील एसुकारिसुत्त. एसुकारी ब्राह्मण तथागतांना सांगतो की, ब्राह्मण चार प्रकारच्या परिचर्या प्रज्ञप्त करतात. ब्राह्मणाची परिचर्या चारही वर्णांनी करावी, क्षत्रियाची तिघांनी, वैश्याची दोघांनी, आणि शूद्राची केवळ शूद्राने. यावर तथागत पहिला प्रश्न विचारतात तो असा : ब्राह्मणांनी हे ठरवावे, अशी अनुज्ञा सर्व लोकांनी त्यांना दिली आहे काय? एसुकारी ‘नाही’ म्हणतो. तेव्हा तथागत दृष्टान्त देतात. एखाद्या दरिद्री माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याच्यापुढे मांसाचा तुकडा ठेवावा आणि ‘हे खा आणि वर किंमतही दे’ असे म्हणावे, तशी ही गोष्ट आहे.

‘परिचर्या’ हा शब्द दोन्ही ठिकाणी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दोन दृष्टींतील अंतर कळते. गीतेत परिचर्या हा शूद्राचा स्वभाव आहे. एसुकारिसुत्तात ती काही लोकांनी इतरांवर लादलेली घोषणा आहे. घोषणेला घोषणा म्हणून ओळखले, की ‘हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ असे विचारता येते. तिला स्वभाव म्हटले, की प्रश्नच संपतो. स्वभावाची भाषा मानवी कृत्याला निसर्गाचा वेष देते. बुद्धांची भाषा तो वेष उतरवते.

वासेट्ठसुत्तातील युक्तिवादही याच दिशेचा आहे. वनस्पती, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जातिदर्शक चिन्हे निसर्गतःच भिन्न असतात. माणसांच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत तशी भिन्न चिन्हे सापडत नाहीत. माणसामाणसांतील भेद हा नावाचा, व्यवहाराचा आहे. शेती करणारा शेतकरी, व्यापार करणारा व्यापारी, ब्राह्मणही कृतीने. अस्सलायनसुत्तात तर इतिहासाचा पुरावा दिला आहे. योन आणि कंबोज या प्रदेशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण आहेत, आणि तेथे आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो. एका देशातील ‘निसर्ग’ सीमा ओलांडताच बदलतो, तर तो निसर्ग नव्हेच!

येथे आपल्याला एका अवघड जागेलाही भिडले पाहिजे. चूळकम्मविभंगसुत्तासारख्या सुत्तांत हीन कुळातील जन्म, दारिद्र्य, अल्पायुष्य यांचा संबंध पूर्वकर्माशी जोडलेला आढळतो. हे नाकारून चालणार नाही. मागच्या दाराने स्वभाव पुन्हा घरात शिरण्याची वाट हीच आहे. परंतु त्याच पिटकात सीवकसुत्त आहे. पित्त, कफ, वात, ऋतुपरिणाम अशी वेदनांची आठ कारणे तेथे सांगितली आहेत. कर्मविपाक त्यांपैकी केवळ एक आहे. सर्व काही पूर्वकर्माचेच फळ मानणारे प्रत्यक्ष अनुभवाला सोडून बोलतात, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तित्थसुत्ताचा निकष वर आलाच आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी कर्म आणि पुनर्जन्म यांच्याविषयीची अडचण उघडपणे मांडली, ती याच कारणाने. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची अवस्था ठरते असे एकदा मान्य केले, की मनूचा निसर्ग आणि आपले कर्म यांत भेद करणे कठीण होते.

अभिधम्मातील ‘सभाव’

आपल्यातील काही अभ्यासक अभिधम्माला ब्राह्मणी घुसखोरी म्हणून बाजूला सारतात, कारण अट्ठकथांत ‘सभाव’ हा शब्द जागोजागी येतो. या आक्षेपाची तपासणी आवश्यक आहे. निकायांत हा शब्द पारिभाषिक अर्थाने रूढ नाही. पटिसंभिदामग्गात तो येतो, पण तेथे पाच स्कंध सभावाने शून्य आहेत असे सांगण्यासाठी. पुढे पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषाचार्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ रचला. त्यात आणि अट्ठकथांत ‘धम्म’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘आपला सभाव धारण करणारे ते धम्म’ अशा अर्थाने दिली गेली.

हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. अट्ठसालिनीत त्याच व्युत्पत्तीच्या जोडीला दुसरी व्युत्पत्ती आहे : जे प्रत्ययांकडून धारण केले जातात ते धम्म. म्हणजे धम्म स्वतःच्या बळावर उभा नाही. कारणसामग्री त्याला उभा करते, आणि ती सरताच तो सरतो. येथे सभाव म्हणजे ओळखण्याचे लक्षण. पृथ्वीधातूचा कठीणपणा, तेजोधातूची उष्णता, या दुसऱ्या अर्थाने तो शब्द वापरला आहे. धर्मानंद कोसंबींनी ज्या निष्ठेने विसुद्धिमग्गाची नागरी आवृत्ती सिद्ध केली, ती 1940 साली मुंबईत प्रकाशित झाली. तो ग्रंथ न वाचताच फेटाळणे हे आपल्याला शोभणारे नाही.

तरीही धोका होता, आणि तो प्रत्यक्षात उतरलाही. सर्वास्तिवादी आचार्यांनी धर्मांचा स्वभाव भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळी विद्यमान असतो, अवस्था तेवढी पालटते, असे प्रतिपादन केले. अनात्मवादी परंपरेतच आत्म्याची एक सूक्ष्म आवृत्ती तयार होऊ लागली. वसुबंधूंनी अभिधर्मकोशाच्या भाष्यात या मतावर कठोर टीका केली. महापंडित राहुल सांकृत्यायनांना तिबेटात सापडलेल्या हस्तलिखितामुळे ते भाष्य आज मूळ संस्कृतात उपलब्ध आहे.

परंतु या मतावर सर्वांत खोल घाव घातला तो आचार्य नागार्जुनांनी. ‘मूलमध्यमककारिके’च्या पंधराव्या प्रकरणातील त्यांचा युक्तिवाद साधा आहे. स्वभाव तो, जो कृत्रिम नाही आणि ज्याला इतरांची अपेक्षा नाही. जे हेतुप्रत्ययांनी उत्पन्न होते ते घडवलेले असते. म्हणून ‘उत्पन्न झालेला स्वभाव’ हा वदतोव्याघात आहे. याच प्रकरणात नागार्जुन कच्चायनाला केलेल्या बुद्धोपदेशाचा नामनिर्देश करतात. हा उपदेश पाली संयुत्तनिकायातही आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे माध्यमिक विचार निकायांपासून तुटलेला नाही, हे उघड होते. चंद्रकीर्तींनी यावर भाष्य करताना अग्नीचेच उदाहरण घेतले. लोकव्यवहारात उष्णतेला अग्नीचा स्वभाव म्हणतात, ते चालू द्यावे. परंतु ती उष्णताही इंधनादी कारणांवर अवलंबून असल्यामुळे, तापवलेल्या पाण्याच्या उष्णतेप्रमाणेच कृत्रिम आहे.

चोविसाव्या प्रकरणात प्रतिपक्षी आक्षेप घेतो की, सर्व शून्य मानले तर चार आर्यसत्ये, संघ, मार्ग सर्वच बुडेल. नागार्जुनांनी आक्षेप उलटवला आहे. स्वभाव मानला तरच सर्व बुडेल. दुःखाला स्वभाव असेल तर त्याचा निरोध होणार नाही. अबुद्ध असणे हा कोणाचा स्वभाव असेल तर त्याने कितीही साधना केली तरी बोधी संभवणार नाही. हे वाचताना मनुस्मृतीतील त्या निसर्गज दास्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नागार्जुनांपुढे तो श्लोक होता की नाही, हा येथे प्रश्नच नाही; त्यांच्या युक्तिवादाने त्याचा पाया उखडला जातो, हे महत्त्वाचे आहे.

बाबासाहेबांचे योगदान

1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अनित्यतेच्या सिद्धान्ताची तीन अंगे सांगितली आहेत : संघटित वस्तूंची अनित्यता, व्यक्तिरूप प्राण्याची अनित्यता, आणि प्रतीत्यसमुत्पन्न वस्तूंच्या आत्मतत्त्वाची, म्हणजेच स्वभावाची अनित्यता. हे तिसरे अंग वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटते. त्याच विवेचनात बाबासाहेबांनी शून्यता म्हणजे उच्छेदवाद नव्हे हे सांगून, अनित्यता आहे म्हणूनच विकास शक्य आहे, असा विधायक अर्थ लावला. सर्व वस्तू अपरिवर्तनीय असत्या तर माणसाची प्रगती जागच्या जागी थांबली असती. नागार्जुनांच्या चोविसाव्या प्रकरणाचा हा सामाजिक अनुवाद आहे, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सर्वच निःस्वभाव असेल तर जातही निःस्वभाव. मग नसलेल्या गोष्टीशी लढायचे कशाला? असे बोलणारे आजही भेटतात, आणि त्यांत सुशिक्षितांचा भरणा अधिक असतो. हा निःस्वभावतेचा विपर्यास आहे. निःस्वभाव म्हणजे अस्तित्वहीन नव्हे. निःस्वभाव म्हणजे कारणांवर अवलंबून असलेले. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात तरुण भीमरावांनी जातीचे सार न शोधता तिची यंत्रणा शोधली, आणि ती त्यांना सजातीय विवाहात सापडली. ही पद्धती प्रतीत्यसमुत्पादाचीच आहे. जातीला स्वभाव नाही म्हणून तिला कारणे आहेत. कारणे आहेत म्हणून तिचा निरोध आहे. आणि निरोध आहे म्हणून मार्ग आहे. ‘जात माया आहे’ असे म्हणणारा मार्गाची गरजच नाकारतो. ‘जात स्वभाव आहे’ असे म्हणणारा मार्गाची शक्यता नाकारतो. मध्यम प्रतिपदा या दोहोंपासून दूर आहे.

आत्मपरीक्षण

स्वभाववाद केवळ पोथ्यांत राहिला नाही. 1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि संपूर्ण समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो 1952 साली रद्द झाला. तरीही पारध्याचे पोर दिसले की ‘यांचा स्वभावच तो’ असे म्हणणारी जीभ रद्द झाली नाही. मनूचा ‘निसर्ग’ आणि राज्यकर्त्यांचा कायदा यांना हातमिळवणी करण्यास भाषांतराचीही गरज पडली नाही.

आणि आपण? विहाराच्या पायरीवर बसून एखाद्या जातीविषयी ‘ते लोक असेच, त्यांच्या रक्तातच आहे’ असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा कोणत्या दर्शनाचे अनुयायी असतो? ब्राह्मण्य ही एक वृत्ती आहे आणि ती कोणत्याही कुळात आढळू शकते, असे बाबासाहेबांनी सांगितले असता, आपण तिला रक्ताचा गुण ठरवत असू तर शत्रूचे शस्त्र आपण शत्रूच्याच पद्धतीने उचलले आहे. दीक्षेला इतकी दशके लोटल्यावरही विवाहाच्या वेळी पोटजातीची हळूच चौकशी होते, ती कोणत्या स्वभावाच्या शोधात? ज्या संस्थेची कारणे नष्ट करायची, तिला आपणच दरवर्षी नवी कारणे पुरवीत आहोत. हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. आमच्याही घरात हे प्रश्न विचारले गेले आहेत.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले, त्याचा राजकीय आणि सामाजिक अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. त्याचा एक दार्शनिक अर्थही आहे. ज्यांना सांगितले गेले होते की दास्य हा तुमचा निसर्ग आहे आणि खुद्द मालकालाही तो तुमच्यापासून दूर करता येणार नाही, त्या लाखो माणसांनी कोणत्याही मालकाची अनुज्ञा न घेता तो एका दिवसात उतरवून ठेवला. स्वभावाचे एवढे मोठे खंडन कोणत्याही कारिकेत झालेले नाही. मात्र खंडन एकदा झाले म्हणून ते कायमचे टिकते, असेही नाही. कारण खंडनालाही स्वभाव नाही. त्यालाही कारणे लागतात. अभ्यास, शील, संघटन आणि आपल्या बोलण्यावरची सावध नजर, ही ती कारणे होत. ती पुरवत राहणे आपल्या हाती आहे.